पंडिता रमाबाई आणि वाटेवरची सोबत

लांबच्या वाटेला निघणाऱ्या माणसाला पूर्वी दोन चिंता असत. शिदोरीची आणि सोबतीची. शिदोरी संपली तर कुठे अन्नछत्र सापडे, कुठे एखादा यजमान भेटे. सोबत मात्र निघण्यापूर्वीच पारखून घ्यावी लागे. काशीयात्रेचा बेत ठरला की पंचक्रोशीत चौकशी होई. कोण निघाले आहे, कोणत्या तिथीला, बरोबर बायकामुले किती, आणि वाटेत आजारी पडलेल्यास टाकून पुढे जाणारी ही माणसे नव्हेत ना? चोर, नदीचा उतार, पटकीची साथ या सर्वांशी गाठ पडण्याचा तो काळ. वाटेतच देह ठेवावा लागला तर खांदा द्यावयास चार माणसे हवीत, हाही हिशेब त्यात असे.

पंडिता रमाबाई सरस्वती यांचे नाव आपणा सर्वांस परिचित आहे. कोणी त्यांना विदुषी म्हणून ओळखतो, कोणी अनाथ स्त्रियांची माउली म्हणून, तर कोणी केवळ त्यांच्या धर्मांतरामुळे. या लेखात त्यांच्याकडे पाहावयाचे आहे ते एक प्रवासी म्हणून. सहा महिन्यांच्या वयापासून हे आयुष्य वाटेवर होते. हिंदुस्थानचा बहुतेक भाग त्यांनी पायी तुडविला, अमेरिका खंड रेल्वेने या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पालथे घातले, आणि या सर्व वाटेत सोबतीचा प्रश्न त्यांना कधी सुटला नाही. सोबत मिळे, आणि थोड्या मजलांनंतर सुटे.

आपणा बेंगळूरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की या प्रवासाचा प्रारंभ आपल्या कर्नाटकात झाला. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या जेथे उगम पावतात त्या सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडील माळहेरंबीचे चित्पावन. विद्यार्जनासाठी ते पुण्यास गेले होते. तेथे त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांना जो विस्मय वाटला तो त्यांनी जन्मभर जपला. आपल्या घरातही असे व्हावे म्हणून त्यांनी प्रथम पत्नीला शिकविण्याचा यत्न केला; परंतु वडीलधाऱ्यांच्या विरोधापुढे तो निष्फळ ठरला.

दुसरा विवाह झाला तो वाटेवर, आणि या चरित्राला साजेशाच रीतीने. प्रथम पत्नीच्या निधनानंतर यात्रेस निघालेले अनंतशास्त्री गोदातीरी मुक्कामास होते. तेथे दुसरा एक यात्रेकरू ब्राह्मण पत्नी व दोन मुलींसह आला. परस्परांचे कुलगोत्र विचारले गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाने आपली नऊ वर्षांची कन्या या चव्वेचाळीस वर्षांच्या विद्वानास देऊन टाकली. मुलीला तिच्या वाटसोबत्याच्या हाती देऊन आईबाप आपल्या वाटेने निघून गेले. आज वाचताना अंगावर काटा येतो. वयातील ते अंतर आणि ती घाई यांचे समर्थन कोणी करू नये. तरी एवढे नमूद केले पाहिजे की त्या नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईला पुढे जी विद्या मिळाली ती त्या काळी राजवाड्यांतही दुर्मिळ होती. स्त्रीला देववाणी शिकविली म्हणून उडुपीस विद्वानांच्या सभेपुढे शास्त्रीबुवांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधार दाखवून आपली बाजू मांडली आणि मग अरण्यात आश्रम बांधून राहणे पसंत केले.

आश्रम म्हटला की अतिथी आले, विद्यार्थी आले. त्यांना जेवू घालता घालता जमीन गेली, कर्ज वाढले. शेवटी शास्त्रीबुवांनी बिऱ्हाड मोडून तीर्थयात्रा पत्करली. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. वेताच्या एका मोठ्या पेटीत घालून तिला डोंगरावरून खाली उतरविण्यात आले. श्रीनिवास हा वडील भाऊ, कृष्णाबाई ही बहीण, आईवडील आणि पेटीतली रमा, असे ते कुटुंब चालू लागले. पुढली सोळा वर्षे चालतच राहिले.

उदरनिर्वाह पुराण सांगून होई. गावात पोचावे, देवळाच्या ओसरीवर किंवा घाटावर पोथी सोडावी, भागवत वाचावयास बसावे. येणारे-जाणारे थांबत, फुले, फळे, धान्य, कवड्या, क्वचित एखादे वस्त्र पोथीपुढे ठेवीत. कोणापाशी याचना करावयाची नाही, असा नियम. मिळेल त्यातून जेवण, उरेल ते दानधर्माला. एका ठिकाणी काही दिवस, फार तर काही आठवडे. मग पुढले क्षेत्र. दिवसा वेळ नसे म्हणून लक्ष्मीबाई पहाटे पाखरे जागी होण्याच्या सुमारास मुलीला कुशीत घेऊन श्लोक सांगत. आठ ते पंधरा वर्षे वयापर्यंत चाललेल्या या शाळेला ना भिंती होत्या ना फळा. तीतून रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. कानडी, हिंदुस्थानी, पुढे बंगाली अशा भाषा त्यांनी वाटेवर उचलल्या; परंतु घरात आईवडील बोलत ते मराठीच. मुलांना मराठी येईल ना, ही चिंता आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभेत निघते. ज्या कुटुंबाला घरच नव्हते त्याने ती भाषा कशी राखली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बाहेरच्या यात्रेकरूंची सोबत या कुटुंबाला फारशी लाभली नसावी, असे मला वाटते. पत्नीला शिकविणारा शास्त्री, पोथी वाचणारी त्याची बायको, आणि वय उलटले तरी अविवाहित असलेली धाकटी मुलगी, अशा घराशी कोण चार मजला बरोबर चालणार? कृष्णाबाईचा बालविवाह दुःखाचा ठरला होता. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे शास्त्रीबुवांनी रमेचे लग्न लहानपणी केले नाही. पाच माणसांनी परस्परांनाच सोबत करावयाची, अशी ही यात्रा होती.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ज्याच्या घरी खावयास नाही तो पोथीपुढे काय ठेवणार? भांडी गेली, वस्त्रे गेली, होते नव्हते ते दागिने गेले. शास्त्रीबुवा आता वृद्ध व जवळजवळ अंध झाले होते. तिरुपतीच्या परिसरात शेवटचा दाणा संपला तेव्हा सर्वांनी अरण्यात जाऊन देह ठेवावयाचे ठरविले. अकरा दिवस पाणी, पाला आणि रानटी खजूर यांवर निघाले. वडील जलसमाधी घेण्यास सिद्ध झाले. तेव्हा श्रीनिवासाने निश्चय सांगितला की आजवर जे कमीपणाचे मानले ते मी करीन, मजुरी करीन, परंतु आपण जगावयाचे. जलसमाधी टळली, पण मरण टळले नाही. थोड्याच दिवसांत अनंतशास्त्र्यांनी प्राण सोडला. सोळा वर्षांची रमा त्यांच्याजवळ होती.

तेथून उरलेले चौघे उत्तरेकडे सरकले. रायचूरला लक्ष्मीबाई गेल्या. मुंबईकडून आलेला आणि मद्रासहून आलेला असे दोन लोहमार्ग रायचूरला येऊन मिळाले त्याला तेव्हा तीन-चार वर्षेच झाली होती. म्हणजे देशाच्या दोन टोकांकडील प्रवाशांनी गजबजलेले ते ठाणे. आणि त्या ठाण्यात एका ब्राह्मण स्त्रीच्या प्रेताला चार खांदे मिळेनात. पैसे देऊन माणसे लावावीत तर जवळ पैसा नव्हता. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा श्रीनिवासाचा. चौथा रमाबाईंचा, परंतु त्या ठेंगण्या होत्या, खांदा पुरेना, तेव्हा तिरडीचा तो कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. लेखाच्या प्रारंभी वाटसोबतीचा जो हिशेब सांगितला तो या मुलीने वयाच्या सोळाव्या वर्षी असा प्रत्यक्ष मांडून पाहिला. पुढे कृष्णाबाईही पटकीने गेली.

उरले बहीणभाऊ. दोघांनी मिळून सुमारे चार हजार मैल, म्हणजे साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, पायी प्रवास केला. मध्य प्रांत, राजपुताना, पंजाब, काश्मीर आणि मग पूर्वेकडे बंगाल-आसाम. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून त्यांत दोघांनी झोपावे, वरून कोरडी वाळू ओढून घ्यावी, डोके तेवढे बाहेर ठेवावे, असे त्यांनी केले. रमाबाईंच्या मनातला जुना विश्वास याच वाटेवर ढासळत गेला. ज्या ज्या देवळात जाऊन सांगितलेले सर्व व्रत-नेम केले, तेथून रिकाम्या हाताने परतावे लागले. त्यांची पुढली वैचारिक वाटचाल आपणास मान्य असो वा नसो, तिचे मूळ कोणा मिशनऱ्याच्या उपदेशात नव्हे तर त्या चार हजार मैलांत आहे, हे विसरून चालणार नाही.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोचली आणि दैव पालटले. वीस वर्षांची अविवाहित मराठी मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, ही वार्ता पसरली. पंडितांनी परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचावयास दिले. बहीणभाऊ स्त्रीशिक्षणावर व्याख्याने देत बंगाल-आसामात हिंडू लागले. पण १८८० च्या मे महिन्यात डाक्क्यास श्रीनिवास वारला. बालपणापासूनचा शेवटचा सहप्रवासी गेला.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते श्रीनिवासाचे स्नेही होते, बंगाली होते आणि ब्राह्मण नव्हते. त्या काळी केवढे हे धाडस! सिल्चरला संसार मांडला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. संसार दोन वर्षेही टिकला नाही. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांचे मूल, आणि सासर-माहेर दोन्हीकडे जावयास दार नाही.

त्या पुण्यास आल्या. जन्मभर मराठी बोलणारी ही बाई महाराष्ट्रात राहावयास आली ती अशी, चोविसाव्या वर्षी. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळींनी आधार दिला. आर्य महिला समाज स्थापन झाला, आणि रमाबाई रानड्यांसारख्या स्त्रिया टीका सोसूनही त्या सभांना जाऊ लागल्या. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-डॉक्टरांची निकड त्यांनी मांडली. स्वतः वैद्यक शिकावे, त्यासाठी इंग्लंडला जावे, हा विचार मनात होताच. पैशांसाठी त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून आगबोटीचे भाडे उभे केले.

सोबतीला पुण्याची मैत्रीण आनंदीबाई भगत आणि दोन वर्षांची मनोरमा. १८८३ साली तिघी इंग्लंडला पोचून वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींकडे उतरल्या. या भगिनींशी ओळख पुण्यातच झाली होती. पुढे जे घडले ते अतिशय शोचनीय. परक्या देशात, परक्या धर्माच्या घरी आनंदीबाईंचे मन बिघडत गेले आणि काही महिन्यांतच त्यांनी आत्महत्या केली. या घटनेबद्दल रमाबाईंच्या चरित्रकारांनी थोडक्यात आटोपते घेतलेले दिसते. माझ्या मते या प्रवासातील हा सर्वांत विदारक मुक्काम होय, रायचूरपेक्षाही. दुष्काळापुढे माणूस असहाय असतो. येथे मात्र एक मराठी स्त्री खाऊनपिऊन सुरक्षित असताना केवळ भयाने व एकाकीपणाने संपली, आणि तिला सोबत आणणारी मैत्रीण त्याच छपराखाली होती. परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांच्या संदर्भात आजही तिची आठवण व्हावी.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात क्षोभ उसळला. कानांचा दोष वाढल्यामुळे वैद्यकाचा बेतही सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत राहिल्या.

१८८६ च्या प्रारंभी त्या अमेरिकेला निघाल्या त्याचे निमित्तही एका सहप्रवासिनीचेच होते. दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर होत होत्या. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभास रमाबाई उपस्थित राहिल्या. एक सनातन धर्मात राहून समुद्र ओलांडणारी, दुसरी धर्म बदललेली; परंतु त्या दिवशी सभागृहात आपल्या भाषेत अभिनंदन करू शकेल असे माणूस आनंदीबाईंना लाभले. पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास आनंदीबाईंचे क्षयाने निधन झाले. वय अवघे एकवीस.

रमाबाई थोड्या मुक्कामासाठी गेल्या होत्या. राहिल्या जवळजवळ तीन वर्षे. हाती एकच योजना होती. उच्चवर्णीय विधवांसाठी शिक्षणाचे घर. त्यासाठी पैसा हवा आणि पैसा मागावयाचा तर हिंडावयास हवे. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणारा लोहमार्ग अमेरिकेत १८६९ सालीच पुरा झाला होता. रमाबाईंनी त्या देशात आणि कॅनडात मिळून सुमारे तीस हजार मैल प्रवास केला. मनोरमेला त्यांनी मध्येच वाँटेजच्या भगिनींकडे धाडले होते. ही बाई पांढऱ्या लुगड्यात, मांसाशन वर्ज्य करून, गावोगावच्या सभागृहांत उभी राहून आपल्या देशभगिनींचे दुःख सांगत होती. पोथी सोडून घाटावर बसणाऱ्या लक्ष्मीबाईंची ही लेक. श्रोते बदलले होते, पण अपरिचित गावात जाऊन लोकांना थांबवून ऐकावयास लावण्याची विद्या तीच. फरक इतकाच की पोथीपुढे कवड्या पडत, आणि येथे माणूस वर्षाला एक डॉलर याप्रमाणे सलग दहा वर्षे देण्याचे वचन लिहून देई.

ही दहा वर्षांची कल्पना मला फार मार्मिक वाटते. एकदाच भरघोस देणारा दाता म्हणजे वाटेत पाणी पाजणारा. दहा वर्षे थोडे थोडे देणारा हा बरोबर चालणारा. अशा देणाऱ्यांची रमाबाई मंडळे शहरोशहरी निघाली, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला एडवर्ड एव्हरेट हेल यांच्या अध्यक्षतेखाली रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. डॉ. रेचल बॉडली आणि फ्रान्सेस विलर्ड यांसारख्या स्त्रिया स्नेही झाल्या. त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. ते त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले आहे. रायचूरच्या तीन मैलांनंतर तेरा वर्षांनी. मराठी वाचकांसाठी लिहिलेले अमेरिकेचे प्रवासवृत्त १८८९ साली प्रसिद्ध झाले. तेथल्या स्त्रियांच्या संस्थांची त्यात मनःपूर्वक प्रशंसा आहे, पण काळ्या वर्णाच्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही आहे. यजमानाचे मीठ खाऊनही त्यांनी डोळे मिटले नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोहून जपान, हाँगकाँग असा पृथ्वीचा वळसा घालून १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस आल्या आणि ११ मार्च रोजी चौपाटीनजीक शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली तिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, आणि पुढे ती आपणा सर्वांची बाया कर्वे झाली.

सदन पुण्यास आल्यावर जे घडले त्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले पाहिजे. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे वचन होते. रमाबाई कोणाला ख्रिस्ती होण्याची सक्ती करीत नसत. परंतु त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेचे दार उघडे असे आणि मुली तेथे बसत. ज्या बाईवर मुलींचा आईप्रमाणे जीव जडलेला तिचे उघडे दार हेही एक आकर्षणच, हा सल्लागारांचा आक्षेप अगदी निराधार म्हणता येत नाही. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. पुण्याची सोबत अशी सुटली. हानी दोघांचीही झाली. रमाबाई आपल्या माणसांना दुरावल्या, आणि पुण्याने त्या काळातील सर्वांत कर्तबगार स्त्री गमावली.

यानंतरच्या त्यांच्या वाटेवर बरोबरीचे सोबती कमी दिसतात. वृंदावनातील विधवांची अवस्था पाहण्यासाठी त्या यात्रेकरणीच्या वेषात तेथे जाऊन राहिल्या. ते त्यांना नवे नव्हते. वेष कसला, बालपणीचेच ते लुगडे. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या तेव्हा तिरुपतीचे अकरा दिवस भोगलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. जवळ पैसा नाही, पुण्यात प्लेगचे निर्बंध, तरी त्या गेल्या. छावण्यांतून, अनाथगृहांतून, झाडाखालून मुली आणि तरुण विधवा गोळा करून रेल्वेने आणू लागल्या. सुमारे तीनशे आणल्या. जिचे सोबती वाटेवर एकामागून एक गळाले तिने ज्यांचे सर्व सोबती गळाले होते अशांनाच गाठले, आणि त्यांना चार खांदे लागण्यापूर्वी गाठले.

पुण्याजवळ केडगावला सदनाच्या उत्पन्नासाठी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन ठेवलेली होती. तेथे झोपड्या पडल्या, आणि त्या वस्तीला मुक्ती हे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींना नुसते जेवू घालावयाचे नव्हते. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शिवण असे उद्योग निघाले, आणि जुन्या मुलींनी नव्यांना शिकवावे असा क्रम पडला. सुंदराबाई पवार, अमेरिकेहून आलेल्या मिनी अब्राम्स या मदतीस होत्या. परदेशात शिकून आलेली मनोरमा आता आईचा उजवा हात बनली होती. अंध मुलींची शाळा तिने पाहिली.

बेंगळूरहून रायचूर-सोलापूरमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत आपणांपैकी बहुतेक जण कधी ना कधी बसले असतील. दौंड सोडल्यावर पुण्याच्या अलीकडे केडगाव लागते. मुक्ती मिशन आजही तेथे आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, रायचूर मागे पडल्यावर कलबुर्गी येते. ते तेव्हाचे निजामशाहीतील गुलबर्गा. शिक्षणात फार मागासलेला मुलूख. १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी तेथे शाळा काढली आणि मनोरमेला मुख्याध्यापिका नेमले. केडगावचा व्याप अंगावर असता इतक्या दूर शाळा का, याची अनेक व्यावहारिक कारणे असू शकतील. मला मात्र नकाशाकडे पाहताना इतकेच दिसते की आईला जेथे डोक्यावर वाहून नेले त्याच लोहमार्गावर, थोडे अलीकडे, लेकीने नातीला बसविले.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी एकच मोठे काम हाती धरले. संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतराची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वाटेत भेटलेल्या अडाणी स्त्रियांना समजेल असे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी त्या वयात त्यांनी त्या दोन्ही भाषा अभ्यासल्या. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली, वय चाळीस. पेटीतून निघालेल्या प्रवासातील हे शेवटचे रक्ताचे माणूस. रमाबाईंनी उरलेली पाने तपासणे चालू ठेवले. नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी खांदा द्यावयास माणसे मोजावी लागली नाहीत. त्यांचे भाषांतर दोन वर्षांनी, १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्याचे काम आश्रमातील मुली करीत.